एका खोलीचे सभासदत्व



गोदाकाठची ही व्याख्यानमाला १९२२ साली सुरू झाली. तेव्हापासून इथे ज्यांची भाषणे झाली, त्यांत आमच्यासारखे आठवीत शाळा सुटलेले किती असतील याचा हिशेब आम्ही केलेला नाही. केला असता तर कदाचित आलोच नसतो. आमचे पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाशी आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. तारीख पुढे गेली की वकीलमंडळी चहाला जात आणि आम्ही त्यांची पुस्तके चाळत बसत असू. त्यामुळे आमचे ज्ञान सलग नाही. ज्या ज्या विषयाची तारीख पडली तेवढेच पक्के आहे.

चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, ‘एक खोली विकणे आहे’. त्यांना ती थट्टा वाटली. मग पत्रकावर ‘सहकारी गृहनिर्माण आणि कामगारवर्ग’ असे भारदस्त नाव छापले गेले. नाव चांगले आहे, पण आम्ही बोलणार आहोत त्या खोलीविषयीच.

वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती तुम्ही सर्वजण वाचता. त्यांत एक जाहिरात वर्षानुवर्षे त्याच शब्दांत येत असते. शांत वसाहतीत, सहकारी सोसायटीतील वन रूम किचन विकणे आहे, फक्त कुटुंबासाठी, दलाल क्षमस्व. बारा-तेरा शब्दांचा मजकूर, पण त्यातल्या प्रत्येक शब्दावर भांडण होऊ शकते. आम्ही ते होताना पाहिले आहे आणि त्यात भागही घेतला आहे.

वन रूम किचन म्हणजे एक खोली आणि एक स्वयंपाकघर. कागदावर तिला सदनिका म्हणतात. सगळे मिळून तीनशे चौरस फुटांच्या आतबाहेर. बंगल्यात राहणाऱ्याला ती मोटार ठेवण्याची जागा वाटेल. पण दहा बाय बाराच्या चाळीतल्या खोलीत सहा-सात माणसांचा संसार ज्यांनी केला, त्यांना ती तशी वाटणार नाही, कारण या खोलीत नळ आत आहे, संडास आत आहे, आणि दार लावले की ते आपले दार असते. कामगाराच्या बायकोला विचारा. ती खोलीची लांबी-रुंदी नंतर विचारते, नळ कुठे आहे ते आधी विचारते.

आता ही विशिष्ट खोली. कॉलेज रोड आणि गंगापूर रोड यांच्या मधल्या पट्ट्यात, झाडीच्या गल्लीत, तीन मजल्यांची एक इमारत आहे. सोसायटीचे नाव सांगत नाही, त्याने कुणाचे भले होणार नाही. १९८०च्या सुमारास काही शिक्षक, बँकेतले काही कारकून आणि सातपूरच्या कारखान्यांतले दोन-तीन कुशल कामगार यांनी मिळून सोसायटी काढली, प्लॉट घेतला आणि इमारत बांधली. प्रत्येक मजल्यावर मोठ्या सदनिका, आणि आराखड्यात कोपरा उरला म्हणून तिथे एकेक लहान खोली. तळमजल्याची कोपऱ्यातली खोली एका टर्नरने घेतली. पन्नास रुपयांचे पाच भाग, म्हणजे अडीचशे रुपये भरून तो सभासद झाला आणि बाकीची रक्कम पगारातून फेडत गेला. मोठ्या सदनिकेच्या सभासदानेही अडीचशेच भरले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

टर्नर निवृत्त झाला आणि काही वर्षांनी गेला. मागे पत्नी राहिली, दोन मुली सासरी. नामनिर्देशन पत्नीच्या नावे होते, म्हणून सोसायटीने खोली तिच्या नावे लावली. इथे एक सांगून ठेवतो, कारण शेकडो घरांत यावरून भाऊबंदकी होते. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. नामनिर्देशित माणूस सोसायटीपुढे उभा राहतो, पण हक्क वारसांचा. या बाईंच्या मुली समंजस होत्या. त्यांनी हक्कसोडपत्र नोंदवून दिले आणि तो प्रश्न तिथेच मिटला.

बाईंना खोली का विकायची होती? पेन्शनसाठी. खासगी कारखान्यातल्या कामगाराला १९९५ च्या योजनेची पेन्शन मिळते. तिची किमान रक्कम २०१४ साली महिना एक हजार रुपये ठरली. बाईंना हजाराच्या थोडे वर मिळत होते. गुडघे गेलेले, औषधे चालू. सिन्नरला बहीण एकटी राहत होती, तिच्याकडे जावे आणि खोलीचे पैसे बँकेत ठेवून त्याच्या व्याजावर दिवस काढावेत, असा त्यांचा साधा हिशेब होता. चाळीस वर्षांच्या कष्टातून एवढे एकच भांडवल उभे राहिले होते आणि ते त्या कोपऱ्यातल्या भिंतींत होते.

दोन गिऱ्हाइके आली. एक त्याच मजल्यावरचे शेजारी. मुलाचे लग्न ठरलेले, भिंत पाडून खोली आपल्या सदनिकेला जोडावी असा विचार. माणूस वाईट नाही. बाईंच्या नवऱ्याला रात्री दवाखान्यात नेताना त्यानेच मोटार काढली होती. दुसरा अंबडच्या एका कारखान्यात बारा वर्षे ठेकेदाराकडून काम करणारा आमच्या युनियनचा गडी. बारा वर्षांत यंत्र तेच, पण ठेकेदार चार झाले, आणि प्रत्येक वेळी त्याची पगाराची चिठ्ठी नव्या नावाने सुरू झाली. घराचेही तसेच. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा, तो संपला की मालक भाडे वाढवतो, नाहीतर सामान टेंपोत. बायको गंगापूर रोडच्या एका इस्पितळात परिचारिका, तिथे कायम नोकरीवर. तिला रात्रपाळी करून पायी घरी जाता यावे, एवढ्यासाठी त्यांना ती गल्ली हवी होती.

शेजाऱ्यांनी दीड लाख जास्त देऊ केले, पण त्यातला बराचसा भाग रोखीने, कागदावर न दाखवता. इकडे सोसायटीच्या समितीने आमच्या गड्याला बोलावून घेतले. नोकरी कायम आहे का, गाव कोणते, पूर्ण नाव काय, घरात काय शिजते, पाळ्या असतात का. पूर्ण नाव कशासाठी विचारतात ते आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही कळते. शेवटी, बाहेरचा सभासद घ्यायचा तर इमारत निधीला एक लाख देणगी द्यावी लागेल, असे तोंडी सांगितले. शेजाऱ्यांना देणगी नाही, कारण ते आतलेच. आणि वर एक वाक्य, “आमची वसाहत शांत आहे हो, इथे पाळीवाले नकोत.”

या शांततेविषयी थोडे बोलू द्या. जुन्या नाशकात, पंचवटीत किंवा रविवार कारंज्याच्या अंगाला, वाड्यातल्या बिऱ्हाडात ज्यांचे बालपण गेले त्यांना शांतता हा शब्द घराच्या संदर्भात कधी सुचलाच नाही. एका बिऱ्हाडाची फोडणी दुसऱ्याच्या नाकात, एकाचे भांडण सगळ्यांच्या कानात. तिथून माणसे टिळकवाडी, पंडित कॉलनी, थत्तेनगर अशा बाजूंना गेली, झाडे लावली, कुंपणे घातली. त्यांनी ती शांतता कमावली, हे आम्ही नाकारत नाही. पण या शहराचे पोट कशावर वाढले? १९२५ साली नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस आला, १९६४ नंतर ओझरला विमानांचा कारखाना, मग सातपूर, मग अंबड. पहाटेचा भोंगा तिकडे वाजला म्हणून इकडची बँक, शाळा, दुकान चालले. कामगारासाठी वेगळी सोय झाली, सिडकोने नवीन नाशिक वसवले, आणि ती सोय लहान नव्हती. एक-दोन खोल्यांच्या घरावर माळा, माळ्यावर पत्रा, असे करत लोकांनी संसार वाढवले. पण त्याचबरोबर शहराची वाटणीही होऊन गेली. आवाज तिकडे, झाडी इकडे. झाडीच्या गल्लीत कामगाराला शिरायला जो दरवाजा उरला तो म्हणजे ही कोपऱ्यातली खोली.

आणि पाळीवाला शांतता मोडतो म्हणे! मंडळी, रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी आठला झोपतो. तेव्हा शेजारी मिक्सर सुरू होतो, स्कूटरला किक बसते, भाजीवाला ओरडतो, वरच्या मजल्यावर पाट सरकतात. शांततेची खरी गरज कुणाला असेल तर ती त्या माणसाला. त्याच्याइतका हळू दार लावणारा शेजारी तुम्हांला मिळायचा नाही.

पण भावनेने सभासदत्व मिळत नाही, कायद्याने मिळते. म्हणून आम्ही पुस्तक उघडले.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. त्याचे तेविसावे कलम सांगते की पात्र माणसाला पुरेशा कारणावाचून सभासदत्व नाकारता येणार नाही. बाविसावे सांगते की अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाईल. सोसायट्यांचे आदर्श उपविधी आहेत, त्यांत विकणाऱ्याने सोसायटीला पंधरा दिवसांची सूचना द्यावी असे आहे. हस्तांतरासाठी सोसायटीचा ना हरकत दाखला आवश्यक नाही, असेही त्यांत स्वच्छ लिहिलेले आहे. पैशाचे म्हणाल तर हस्तांतरण शुल्क पाचशे रुपये, आणि सर्वसाधारण सभेने ठरवले असल्यास अधिमूल्य, तेही महापालिका हद्दीत फार तर पंचवीस हजार. ही मर्यादा सरकारने २००१ साली घातली. त्यावर देणगी, ऐच्छिक मदत, रंगकाम निधी अशा कोणत्याही नावाने पैसे मागता येत नाहीत. आमच्या लोकांत एक समजूत आहे की सोसायटी म्हणजे त्या चार-पाच पदाधिकाऱ्यांचे राज्य. ते राज्य नाही, ती चाकरी आहे, आणि बहुतेक ठिकाणी बिनपगारी. म्हणून ती करणाऱ्यांविषयी आम्हांला थोडी सहानुभूतीही आहे. पाण्याची टाकी भरली नाही की शिव्या सेक्रेटरीला बसतात.

आता हे कलम आले कुठून? १८४४ साली इंग्लंडात रॉचडेल गावी अठ्ठावीस जणांनी, त्यांत पुष्कळसे विणकर, एक-एक पौंड जमवून एक दुकान काढले. पीठ, लोणी, साखर विकायचे दुकान. त्यांचा नियम असा की ज्याचे भांडवल मोठे त्याचे मत मोठे, असे नाही. माणशी एक मत. आपल्या कायद्यातही भाग किती का असेनात, सभासदाला मत एकच. आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेले अडीचशे रुपये आठवा. कोपऱ्यातल्या खोलीचे मत आणि तीन खोल्यांच्या सदनिकेचे मत सारखे. झाडूवाला, रखवालदार, जिन्यातला दिवा यांचा सेवाखर्चही दर सदनिकेमागे समान, हेही उपविधीतच आहे. लहान खोलीवाला समान भरतो आणि समान बोलतो. शेजाऱ्यांनी ती खोली जोडून घेतली असती तर चौरस फूट जिथल्या तिथे राहिले असते, पण इमारतीतले एक मत कायमचे नाहीसे झाले असते. पुढे इमारत जुनी होते, पुनर्विकासाची सभा भरते, बिल्डर नकाशा घेऊन येतो. त्या दिवशी लहान जागेवाल्यांची मते किती उरली आहेत यावर त्यांच्या नव्या जागेचे भवितव्य ठरते. म्हणून ही नुसती एका खोलीची विक्री नव्हती.

आपल्या इतिहासात दुसरी बाजूही आहे, ती झाकणे बरोबर नाही. आपल्याकडे सहकारी घरबांधणीची जी अगदी पहिली उदाहरणे, त्यांतले एक मुंबईला गावदेवीत १९१५ साली उभे राहिले, सारस्वत सोसायटी. रावबहादूर तालमकी तिचे कर्ते पुरुष. एका ज्ञातीची ही सोसायटी. तेव्हाच्या मुंबईत परगावाहून आलेल्या कारकुनाला घर मिळत नव्हते, आणि ज्यांची ओळख तेच एकमेकांना जामीन राहत. त्या काळी ते समजण्यासारखे होते. इमारत सोसायटीची आणि सभासद तिचे भाडेकरू, अशी त्यांची रचना. काम चोख झाले. पण आपल्याच माणसांनी एकत्र येणे आणि दुसऱ्याला दार लावणे यांत एका उंबरठ्याचेच अंतर असते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात निकाल दिला की उपविधीतच सभासदत्व एका समाजापुरते ठेवले असेल तर ते चालू शकते. हा निकाल आम्हांला आवडत नाही, पण तो आहे. मात्र त्यातूनही एक गोष्ट निघते. जे काही असेल ते नोंदलेल्या उपविधीत असले पाहिजे. उपविधीत नसलेली अट सेक्रेटरीच्या बैठकीच्या खोलीत तयार होत नाही.

अमेरिकेत हीच गोष्ट कशी चालते ते सांगण्यासारखे आहे, कारण तिथे या कामात आमच्याच धंद्यातली माणसे होती. न्यूयॉर्कमध्ये कितीतरी इमारती सहकारी आहेत. तिथे एका खोलीची जागा विकत घेणारा खरे तर भाग विकत घेतो आणि त्या भागांच्या जोरावर राहण्याचा करार. पण घेणाऱ्याला आधी मंडळापुढे बसून परीक्षा द्यावी लागते, आणि वंश-धर्माचा भेद करू नये एवढे सोडले तर मंडळ कारण न देता नकार देऊ शकते. त्या मानाने आपला १९६० चा कायदा गरिबाला पुष्कळ बरा आहे, हे आम्ही छाती ठोकून सांगतो.

त्याच न्यूयॉर्कमध्ये १९२७ साली कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या युनियनने ब्रॉन्क्स भागात सहकारी घरे बांधली. अब्राहम कझान नावाचा युनियनचा कार्यकर्ता त्यामागे होता. पुढे बायकांचे कपडे शिवणाऱ्यांच्या युनियनने मॅनहॅटनच्या ऐन मध्यवस्तीत पेन साउथ ही वसाहत उभी केली, दहा इमारती, २,८२० घरे. १९६२ च्या मे महिन्यात तिच्या उद्घाटनाला अध्यक्ष केनेडी आले होते. तिथला नियम असा की घर सोडणाऱ्याला त्याने भरलेले भांडवल थोड्या वाढीसह परत मिळते, बाजारभाव मिळत नाही. जागा पुन्हा प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला. शेजारी शहर आकाशाला भिडले, त्या घरांची बाजारात किंमत कितीतरी पटींनी वाढली. १९८० नंतरच्या काळात सभासदांपुढे प्रश्न आला की नियम मोडून प्रत्येकाने आपले घर बाजारभावाने विकावे काय. त्यांनी मतदान केले आणि नियम ठेवला. तो प्रश्न पुन्हाही आला आणि पुन्हाही नियमच राहिला. शिवणकामगारांची ती मुले-नातवंडे, कुणी संत नव्हेत. पण मत देताना त्यांनी पुढच्याचा विचार केला.

हे वाचून आमच्या एका तरुण कार्यकर्त्याने सुचवले की मग बाईंनाही सांगू, कामगाराला कमी दरात द्या. आम्ही त्याला गप्प केले. पेन साउथच्या माणसाने पहिल्या दिवशी तो करार करून घर घेतले होते, आणि त्याला जमीन स्वस्त मिळाली होती, करात सूट मिळाली होती. आमच्या टर्नरला कुणी काही सूट दिलेली नव्हती. हजार रुपयांच्या पेन्शनवर जगणाऱ्या विधवेने वर्गनिष्ठा म्हणून दीड लाख सोडावेत, असा आग्रह धरणारी युनियन आमची नव्हे. ज्या समाजाने तिला म्हातारपणी हजार रुपये दिले, त्याने तिच्याकडून त्याग मागू नये. आम्ही बाईंना दोन्ही हिशेब मांडून दाखवले आणि ठरवायचे ते त्यांच्यावर सोडले.

बाईंनी ठरवले ते असे. म्हणाल्या, “भाऊ, जास्तीचे पैसे ते रोख देणार. एवढी रोकड मी सिन्नरला नेऊन ठेवू कुठे? डब्यात? बँकेत भरायला गेले तर विचारतील कुठून आणली. मला सगळे कागदावर पाहिजे.” शाळा आमच्याइतकीही नाही, पण मुद्दा बिनतोड. २०१५ पासून कायदाही तेच सांगतो, जमीन-घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. शेजाऱ्यांना सगळी रक्कम कागदावर देणे जमेना. कागदावरची त्यांची रक्कम आणि आमच्या गड्याची रक्कम यांत मग फरक फारसा उरला नाही. बाईंनी विसार आमच्या गड्याकडून घेतला, आणि अट घातली की चार महिन्यांत खरेदीखत झाले पाहिजे, नाहीतर त्या मोकळ्या.

आता पैसे. बँकेने ठेकेदाराच्या चिठ्ठ्या बघितल्या आणि मान हलवली. बारा वर्षे एकाच यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला बँक अस्थिर म्हणते, आणि वर्षभर चांगला चाललेल्या दुकानदाराला स्थिर. असो. परिचारिकेची नोकरी कायम होती, तिच्या चिठ्ठीवर नाव एकच होते. कर्ज तिच्या नावाने मागितले. मग खरेदीही तिच्याच नावाने करायची ठरली, कारण २०२१ पासून आपल्या राज्यात एकट्या स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. तो एक टक्का त्यांच्या दृष्टीने टेंपो, रंग आणि नळदुरुस्ती एवढा होता. उरलेली भर नवऱ्याच्या प्रॉव्हिडंट फंडातून आणि कामगारांच्या पतसंस्थेतून.

फंडावरून एक आठवले, ते सांगून पुढे जातो. २०१७ साली केंद्र सरकारने अशी तरतूद केली होती की दहा किंवा अधिक फंड-सभासदांनी मिळून गृहनिर्माण संस्था काढली तर घरासाठी फंडातली नव्वद टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येईल. सरकारने दार उघडले, पण दहा कामगार एका सहीवर आणणे किती अवघड ते आम्हांला विचारा. संपाला हजार येतात, सोसायटीला दहा येत नाहीत. संपात उद्याचा प्रश्न असतो, सोसायटीत वीस वर्षांचा.

ज्यांनी हे काम करून दाखवले ते सोलापूरचे विडी कामगार. नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकाराने कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची सहकारी वसाहत उभी राहिली. दहा हजार घरे, आणि ती विड्या वळणाऱ्या बायकांची. खर्चाचा एक वाटा केंद्राचा, एक राज्याचा, एक त्या बाईचा स्वतःचा. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग चाव्या द्यायला आले. पुढे तिथेच तीस हजार घरांचे रे नगर ठरले, आणि त्यातली पंधरा हजार घरे २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान मोदींच्या हस्ते दिली गेली. सरकारे बदलली, बायका आपल्या पावत्या जपून बसल्या. तीही घरे लहानच, आमच्या खोलीएवढी. पण ती शहराबाहेर माळावर उभी आहेत, आणि आमचा प्रश्न शहराच्या आतल्या गल्लीचा होता. माळावर हजारोंनी जाता येते, गल्लीत एकेकट्यालाच शिरावे लागते.

तर कर्ज मंजूर झाले आणि बँकेने सोसायटीचा ना हरकत दाखला मागितला. कायद्याला तो नको, पण बँकेला हवा, ही आपल्याकडची रीत. समिती देईना. आम्ही भांडलो नाही, मोर्चा नेला नाही, खोलीसाठी मोर्चा नेला तर पुढे तिथे राहणाऱ्याचे हाल होतात. एक साधे पत्र लिहिले. दाखला कोणत्या कारणाने नाकारत आहात ते कृपया लेखी कळवावे, आणि देणगीचा आकडा कोणत्या उपविधीखाली आहे तेही कळवावे. पत्र रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. तोंडी दहा कारणे सांगणाऱ्या पाच जणांत एकही कारण कागदावर लिहून खाली सही करायला कुणी तयार होईना. बाराव्या दिवशी दाखला आला. देणगीचा उल्लेख त्यात नव्हता.

खरेदीखत मुदतीच्या आत झाले. दस्त नोंदला, इंडेक्स टू मिळाला, बाईंच्या खात्यावर पूर्ण रक्कम जमा झाली. मग सभासदत्वाचा अर्ज, पाचशे रुपये शुल्क, सभेने ठरवलेले अधिमूल्य, भागपत्र. अर्ज पाहून समितीत थोडी गडबड उडाली म्हणतात, कारण चौकशी सगळी नवऱ्याची झाली होती आणि अर्ज बायकोचा आला. तिचे गाव, तिच्या पाळ्या, काहीच कुणी विचारले नव्हते. पहिल्या महिन्यात विषय सभेपुढे आला नाही. दुसऱ्यात गणपूर्ती नव्हती. तिसऱ्यात सेक्रेटरी परगावी. तीन महिने पुरे झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही उपनिबंधकांच्या कार्यालयात अर्ज टाकला की कायद्याप्रमाणे बाई सभासद झाल्या आहेत, नोंद व्हावी, आणि त्याची प्रत समितीला दिली. सुनावणीची वेळ आली नाही. पुढच्या आठवड्यात सभासद नोंदवहीत नाव चढले, भागपत्राच्या मागच्या बाजूला हस्तांतराची नोंद झाली, सही-शिक्का पडला.

शेजाऱ्यांच्या मुलाचे लग्न झाले, नवे जोडपे दोन वर्षांसाठी पुण्याला गेले. भिंत आहे तिथे आहे. रात्रपाळीहून येणाऱ्यांसाठी फाटकाची वेगळी किल्ली असावी की नसावी, हा विषय मात्र त्या सोसायटीत अजून चालू आहे. गेल्या वार्षिक सभेत तो मतास टाकला तेव्हा एका मताने तहकूब झाला. ते मत कुणाचे ते आम्ही विचारले नाही.

आता तुमच्यापैकी अनेकांच्या घरात अशी भागपत्रे ट्रंकेत पडून असतील. कुणाचे नामनिर्देशन सासऱ्याच्या नावे असेल आणि सासरे जाऊन दहा वर्षे झाली असतील. कुणाच्या इमारतीखालची जमीन अजून बिल्डरच्याच नावावर असेल. त्यासाठी मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद २००८ साली झालेली आहे, पण आळस आडवा येतो. कुणाकडे देणगीची मागणी तोंडी झाली असेल. रविवारी सकाळी नऊ ते बारा आम्ही युनियनच्या कचेरीत असतो. कामगार असलात तर या, नसलात तरी या, फी नाही. फक्त एक करा. मूळ कागद घरी ठेवा, झेरॉक्स घेऊन या. आमच्याकडे पावसाळ्यात छत गळते.